तिघांची तुकडी मैदानात उतरते तेव्हा

आई-बाबांचे प्रश्न

या महिन्याची उत्तरं देणारे लेखक सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. पंचवीस वर्षं ते खो-खो शिकवत आले आहेत आणि २००९ साली जन्मलेल्या तिळ्या मुलांचे वडील आहेत.

प्रश्न १

सर, नमस्कार. मी इचलकरंजीला सूतगिरणीत फिटर आहे, वय ३१. शाळेपासून खो-खो खेळलो, कुमार गटात जिल्ह्याकडून दोनदा राज्य स्पर्धेला गेलो. पुढे गुडघा गेला आणि खेळ सुटला. पत्नी बँकेत नोकरीला आहे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले आणि नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी तीन ठोके दाखवले. आज सव्विसावा आठवडा चालू आहे.

घरी आम्ही दोघं, आई आणि बारावीतला धाकटा भाऊ. आईचे गुडघे दुखतात, तिला मांडी घालून बसता येत नाही. सासूबाई गडहिंग्लजहून दोन महिने येऊन राहणार आहेत. माझी ड्यूटी तिन्ही पाळ्यांत फिरते. भेटेल तो विचारतो, "तीन? कसं निभावणार?" मी हसून वेळ मारून नेतो, पण रात्री पंख्याकडे बघत पडून राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीचा खो-खो विश्वचषक आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला होता. परवा पत्नी मला म्हणाली, "तुमच्या खेळात पण एका वेळी तीनच जण पळतात ना? मग एवढं काय घाबरताय?" त्या वाक्याने जरा धीर आला, म्हणून लिहितोय. तीन पळणारे आणि आम्ही चार-पाच माणसं. खेळ कसा लावायचा?

उत्तर

तुला 'तू' म्हणतो, रागावू नकोस. मैदानावरच्या पोराशी मला दुसऱ्या तऱ्हेने बोलताच येत नाही. आणि पत्नीला माझा नमस्कार सांग, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

खेळ कसा लावायचा ते सांगतो, पण आधी मैदान बघून ये. मी बघितलं नव्हतं. आम्ही तालुक्याच्या गावी एका चांगल्या नावाच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. डॉक्टर मनमिळाऊ, तपासण्या वेळच्या वेळी. बत्तिसाव्या आठवड्यात पहाटे कळा सुरू झाल्या, सिझेरियन झालं आणि काही मिनिटांच्या अंतराने तिघंही बाहेर आले. थोरली १,६५० ग्रॅम, मधला १,४८० आणि धाकटी १,२१०. मग एक सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोनच जागा रिकाम्या आहेत. पोटात तीन बाळं आहेत हे कित्येक महिने त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तिघांना एकदम जागा मिळेल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. धाकटीला ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी रुग्णवाहिकेत ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मधल्या काचेतून मागची पेटी दिसायची, आणि तिच्यात एक पंजा, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, उघडत होता आणि मिटत होता. बायको तिकडे टाके घेऊन एकटी पडलेली, दोन बाळं तिच्या वरच्या मजल्यावर, आणि मी तिसरीला घेऊन रस्त्यात. इतका विखुरलेला संघ मी आयुष्यात पाहिला नाही.

म्हणून याच आठवड्यात सुट्टी काढ आणि दवाखान्यात जाऊन वहीत उत्तरं लिहून घे. तिघांना एका वेळी अतिदक्षता विभागात जागा आहे का? नसेल तर कुठे पाठवतात, आणि पाठवायचंच असेल तर आईलाच आधी तिकडे हलवतात का? जन्मलेल्या नाजूक बाळाला गाडीतून नेण्यापेक्षा ते पोटात असताना नेणं कितीतरी सुरक्षित असतं. बाळांना श्वासाची मदत देणारी यंत्रं किती आहेत? प्रसूतीच्या वेळी प्रत्येक बाळाजवळ एक जाणता माणूस उभा असेल का? रक्त कुठून येणार? तीन बाळांनी ताणलेलं गर्भाशय नंतर लवकर आवळत नाही, रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून पत्नीच्या रक्तगटाचे चार मित्र आधीच सांगून ठेव. विभागाचा रोजचा खर्च विचारायला लाजू नकोस. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणचा नवजात कक्षही एकदा डोळ्यांखालून घाल. विमा असेल तर त्यात बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय की नंतर, हे कंपनीकडून लेखी घे.

डॉक्टरांना आणखी एक विचार: तिघांना वेगवेगळी वार (प्लॅसेंटा) आहे की दोघांत मिळून एक? पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत हे कळलेलं असतं, अहवालात लिहिलेलं असतं. वार सामाईक असेल तर एकाला रक्त जास्त आणि दुसऱ्याला कमी जाण्याचा धोका असतो आणि दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते.

सामना कधी सुरू होईल हे आपल्या हातात नाही. एकटं बाळ ३७ ते ४० आठवड्यांत येतं, तिळी मात्र बहुधा ३२-३३ आठवड्यांच्या आसपास येतात. सगळं ठीक असलं तरी डॉक्टर साधारण ३५ आठवड्यांना प्रसूती ठरवतात. म्हणजे तुझ्याकडे फार तर आठ-नऊ आठवडे आहेत, कदाचित सहाच. पिशवी आजच भर. रात्रपाळी असेल त्या रात्री पत्नीला गाडीतून कोण नेणार, ते नाव भिंतीवर लिहून ठेव, खाली १०८ लिही. पोट राहून राहून कडक होणं, पाण्यासारखं किंवा रक्ताचं जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, चेहरा आणि हात अचानक सुजणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळांची हालचाल मंदावणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लवकर पोहोचलात तर आईला फुप्फुसांची इंजेक्शनं देता येतात. ती आईला टोचतात आणि बाळांची फुप्फुसं तयार करतात. आम्हाला त्यातलं दुसरं मिळायच्या आत मुलं आली. अर्धा दिवस आधी निघालो असतो तर, हे मी अजून मनात घोळवतो.

आता खेळ.

एक आकडा पाठ कर. दीड किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी दूध लागतं. दिवसाला बारा वेळा, तिघांचे छत्तीस. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला जमत नाही, म्हणून आधी नळीने आणि मग पलाडाईने पाजतात. पलाडाई म्हणजे चोच असलेली चपटी वाटी, आपल्या बोंडल्याचीच बहीण. एका बाळाला एका वेळी वीस मिनिटं धर. छत्तीस गुणिले वीस म्हणजे ७२० मिनिटं, बारा तास. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं यात धरलेलंच नाही. एकटी आई हे करू शकत नाही. तिच्यावर कितीही माया असली तरी हा हिशेब बदलत नाही.

धाकटी घरी आली तेव्हा आम्ही काय केलं? माणशी एक बाळ वाटून घेतलं. थोरली माझ्या आईकडे, मधला माझ्याकडे, धाकटी बायकोकडे. फार न्याय्य वाटलं. चौथ्या रात्री आई चक्कर येऊन न्हाणीच्या दारात बसली, आणि मी सकाळी शाळेत शिट्टी तोंडात धरून उभ्या-उभ्या डुलक्या घेत होतो. प्रत्येक जण आपापल्या बाळासाठी रात्रभर जागा, म्हणजे तिघंही रात्रभर जागे.

मग एका पहाटे लंगोट दोरीवर टाकताना लक्षात आलं की मी जे पोरांना रोज ओरडून शिकवतो त्याच्या उलट घरात चाललंय. खो-खोत तिघांच्या मागे नऊ जण कधीच धावत नाहीत. आठ बसतात, एक धावतो. बसलेला आळशी नसतो, तो चवड्यांवर, उठायच्या तयारीत असतो. पण खो मिळाल्याशिवाय उठला तर नियमभंग.

तेव्हापासून घरात चार नियम लागले.

धावणारा एकच. रात्री नऊ ते दोन एक माणूस, दोन ते सात दुसरा. त्या वेळात तिघांचं जे काही असेल ते त्याचं. बाकीच्यांनी रडणं ऐकू आलं तरी उठायचं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं ते माझ्या बायकोला. बाळ रडलं की तिचा हात आपोआप पांघरुणाबाहेर यायचा. तू तिला नुसतं 'झोप' म्हणू नकोस. दुसऱ्या खोलीत तिचं अंथरूण घाल, दार ओढून घे. आईला सलग चार-साडेचार तास झोप मिळाली तर दूधही येतं आणि मनही ताळ्यावर राहतं. ती उठेल तेव्हा पंपाने दूध काढेल, पुढच्या पाळीला ते वापरा. पहिले काही आठवडे दिवसाला आठेक वेळा दूध काढावं लागतं आणि सुरुवात प्रसूतीनंतर पहिल्या सहा तासांतच करायची असते, म्हणजे पंप पिशवीत आधीपासून हवा.

खो मागून द्यायचा, हात लावून आणि मोठ्याने. आपल्या खेळात नुसतं पुटपुटलेलं 'खो' पंच मानत नाहीत. घरात आम्ही पाळी बदलताना खांद्यावर हात ठेवून तीन वाक्यं बोलायचो: थोरलीने किती घेतलं, मधल्याने किती, धाकटीने किती. पुढे शंका असेल तर तीही. आणि वहीत लिहायचं. मी शाळेतल्या गुणपत्रिकेच्या वहीत आधीपासूनच तीन रकाने आखत होतो, प्रत्येक बाळाचा एक, आणि त्यात लिहायचं: वेळ, दूध किती मिली, लघवी, शी, उलटी. मध्यरात्री दोन वाजता तिळ्यांमधलं कोण जेवलं आणि कोण उपाशी, हे आठवणीवर सोडायचं नसतं. तिघांच्या पायात तीन रंगांचे लोकरीचे सैल धागे होते, रकान्यांवर तेच रंग. धागा बांधलास तर दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेव आणि रोज तपास.

खो दिला की खाली बसायचं. हा नियम चांगले-चांगले खेळाडू मोडतात. दोन वाजता मी पाळी आईकडे देऊन पुन्हा तिथेच घुटमळायचो, 'ती बाटली तिथे नाही, इथे', 'टोपरं नीट घाल'. आई एकदा म्हणाली, "तू बस तरी, नाहीतर मी तरी जाते." ज्याला खो दिला त्याच्या जागेवर मुकाट्याने बसायचं, म्हणजेच त्याच्या अंथरुणावर जाऊन झोपायचं.

चौथा नियम तुला आठवत असेल. तीन पळणाऱ्यांच्या तुकडीतला तिसरा गडी ज्याने बाद केला, तो नव्या तुकडीच्या मागे लागत नाही, त्याला आधी खो द्यावा लागतो. आम्ही तिघांचं खाणं एकामागून एक, एकाच तुकडीत घ्यायचो. एक जागा झाला की त्याला पाजून संपेपर्यंत दुसऱ्याला हळूच उठवायचं, मग तिसऱ्याला. म्हणजे तास-सव्वा तास काम आणि मग मोकळीक. बाळं दोन किलोच्या पुढे गेली आणि डॉक्टरांनी तीन तासांचं अंतर चालेल म्हटलं, तेव्हा ही मोकळीक पावणेदोन तासांची झाली. दिवसा मात्र ज्याने तिसरं बाळ झोपवलं, त्याने पुढची तुकडी घ्यायची नाही, मग तो कितीही ताजातवाना असो.

तुझी पाळी फिरती आहे. पाळी-प्रमुखाशी आत्ताच बोल आणि दोन महिने एकच पाळी मागून घे, दुपारची मिळाली तर उत्तम. रजेचं माझं स्पष्ट मत: सगळी रजा बाळं जन्मल्याबरोबर उडवू नकोस. खासगी नोकरीत वडिलांना रजा द्यायचा आपल्याकडे कायदा नाही, तेव्हा असेल तेवढीच पुरवायची आहे. जन्माच्या वेळी चार-पाच दिवस, आणि उरलेली सगळी तिघं घरी येतील तेव्हा. दवाखान्यात सिस्टर असतात. घरी आल्यावर कोणी नसतं.

पण दवाखान्यातही तुला काम आहे, आणि ते फार मोठं आहे. कांगारू पद्धत. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच असं धरावं, दिवसाचे आठ तासांच्या वर, जमेल तितकं. छाती बापाचीही चालते. तीन बाळं म्हणजे आईच्या एकट्या छातीला पुरणारच नाहीत. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून जा. आंघोळ करून, नखं कापून, बटणाचा सदरा घालून. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपरं, मोजे. उभं धरायचं, मान एका कुशीला, नाक मोकळं दिसलं पाहिजे. एका वेळी निदान तासभर, कारण सारखं उचल-ठेव केलेलं त्याला सोसत नाही. धाकटी पहिल्यांदा माझ्या छातीवर आली तेव्हा यंत्रावरचे आकडे बघत मी श्वास रोखून बसलो होतो. वीसेक मिनिटांनी सिस्टर म्हणाल्या, "सर, श्वास घ्या, ती तुमच्या श्वासावर श्वास घेते." त्यानंतर मी रोज शाळा सुटली की ४० किलोमीटर जायचो आणि तास-दीड तास तिला धरून बसायचो. राज्य स्पर्धेतल्या कुठल्याही पदकाशी मी त्या तासाची अदलाबदल करणार नाही.

माणसं किती लागतील म्हणून विचारलंस. तुमची पाच आहेत, पुरतील, फक्त जागा नेमून द्यायला हव्यात. भाऊ बारावीत आहे, त्याला रात्रीच्या पाळीत घेऊ नकोस. दिवसाला तीसेक लंगोट आणि तेवढीच दुपटी निघतील, ती दोरी त्याची. सासूबाई स्वयंपाक, पत्नीचं खाणं-पिणं आणि दुपारची एक पाळी. आईला मांडी घालता येत नाही, तर उंच खुर्ची, हाताखाली उशी आणि बाळ तिच्या हातात आणून द्यायचं. ती उठणार नाही, ती बसून पाजणार. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला झालेल्या अल्टिमेट खो-खोत वझीर पाहिलास ना, ज्याला कुठल्याही दिशेने धावता येतं? घरात एक वझीर लागतोच. औषधं, बिलं, दाराशी आलेला पाहुणा, अचानक दवाखाना. तो तू. म्हणून पहिली रात्रपाळी शक्यतो तुझ्याकडे नको, दुसरी घे.

पाहुण्यांचं आत्ताच ठरवून टाका. आमच्या वेळी स्वाइन फ्लूची साथ होती, म्हणून लोक आपणहून लांब राहिले. तुला ठामपणे सांगावं लागेल: सव्वा महिना कोणी नाही, नंतरही हात धुतल्याशिवाय नाही, सर्दी असेल तर दारातूनच. आणि आई-सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसवून डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव की शेगडीची धुरी नको, घुटी नको, नाका-कानात तेल नको, काजळ नको. तू सांगितलंस तर ते आजच्या पोरांचं शहाणपण होतं. आमच्या आईला डॉक्टरबाईंनी समजावलं, त्या दिवसापासून तीच शेजारणींना दटावायला लागली.

शेवटचं, कारण हे निसटतं. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान असेल तर त्याहून लवकर. ही तारीख नेमकी घरी जायच्या गडबडीत येते. तपासणी झाली तर उपचार आहे, राहिली तर दृष्टी जाऊ शकते. घरी पाठवण्याच्या कागदावर तिघांच्याही तारखा लिहून घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. कानांची तपासणीही तशीच. आणि मूल कधी बसलं, कधी रांगलं हे मोजताना किती आठवडे आधी आलं ते वजा कर. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

बाळं झाली की मला कळव. वजनं लिही.

प्रश्न २

माझ्या सुनेला जुळं झालं, दोघंही आता दीड महिन्याचे आहेत आणि तब्येत चांगली आहे. ती आणि मुलगा प्रत्येक पाजण्याची वेळ वहीत लिहितात, एक उठलं की झोपलेल्या दुसऱ्यालाही उठवतात. झोपलेलं मूल उठवू नये असं आम्ही ऐकत आलो. मी चार मुलं वाढवली, वही कधी लागली नाही. मी बोलू की गप्प राहू?
एक आजी, डोंबिवली

उत्तर

आजी, तुम्ही चार वाढवलीत, पण एकेक करून. एका मुलाचं पोट भरलं की नाही हे आईचा हात सांगतो. दोन मुलं आणि चार-पाच हात असले की एका हाताला दुसऱ्या हाताचं कळत नाही, म्हणून वही. आमच्या घरी एकदा मधल्याला दोनदा पाजलं गेलं आणि थोरली चार तास उपाशी झोपून राहिली. लहानखुरं मूल भुकेने थकलं की रडत नाही, झोपतं. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

झोपेतून उठवण्याचं म्हणाल तर दोघांच्या वेळा जुळल्या तरच सुनेला सलग पडायला मिळतं. वजन नीट वाढायला लागल्यावर रात्री डॉक्टर मोकळीक देतील, तेव्हा त्यांना विचारून एखादी वेळ सोडता येईल.

बोला मात्र जरूर. सुनेला एवढंच विचारा, "दुपारची दोन ते पाच मी घेऊ का?" आणि घेतलीत की वहीत तुमच्या अक्षरात लिहा. तिला डिंकाचा किंवा हळिवाचा लाडू हातात देताना तिच्याकडे नीट बघा. प्रसूतीला दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाल्यावरही ती सारखी रडत असेल, बाळांकडे बघावंसं वाटत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यायचं तुम्हीच मनावर घ्या. हे घरातल्या मोठ्या बाईच्या नजरेलाच आधी दिसतं.

प्रश्न ३

आमची जुळी तेहतिसाव्या आठवड्यात झाली. मुलगा अठराव्या दिवशी घरी आला. मुलीला संसर्ग झाला होता, ती अजून दवाखान्यात आहे, डॉक्टर म्हणतात धोका टळलाय पण वेळ लागेल. पत्नी घरी मुलाला पाजताना रडते, दवाखान्यात मुलीजवळ बसली की घरच्या मुलासाठी रडते. आनंद करायचा की काळजी, हेच आम्हाला कळत नाही. काय करावं?
एक बाबा, सातारा

उत्तर

दोन्ही एकाच दिवशी येतं, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही. आमची थोरली आणि मधला चोविसाव्या दिवशी घरी आले. शेजाऱ्यांनी दारात रांगोळी काढली होती. बायको त्या रांगोळीपाशी थांबली आणि आत येईना. "अजून एक यायचीय," एवढंच म्हणाली. मग आम्ही दारातलं ओवाळणं तिसरी येईपर्यंत पुढे ढकललं. तुम्हालाही वाटत असेल तर बारसं थांबवा, कोणाला कारण द्यायची गरज नाही.

जाण्यायेण्याची वेळ पक्की करा. एकाने दवाखाना, एकाने घर, आणि अदलाबदल ठरलेल्या तासाला. पत्नी निघताना घरच्या मुलाला तुमच्या छातीवर द्या, म्हणजे ती मोकळ्या मनाने जाईल. दवाखान्यात तिला नुसतं काचेबाहेर बसू देऊ नका. डॉक्टरांना विचारा, आज कांगारू करता येईल का, नळीचं दूध आईच्या हाताने देता येईल का, निदान लंगोट बदलता येईल का. हाताला काम मिळालं की त्या तासाचा भार हलका होतो. तिचं दूध रोज मुलीपर्यंत पोहोचवा, अगदी दहा मिली असलं तरी. संसर्गातून उठणाऱ्या बाळाला त्याचा फार उपयोग आहे. दूध कमी पडत असेल तर जवळ मानवी दूध पेढी आहे का ते विचारा. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूध पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता महाराष्ट्रात आणखीही आहेत.

आणि घरी वही घाला, दोघांची. आम्ही दोनच बाळं घरी असताना रोज सकाळी वहीत तीन रकाने आखत होतो. तिसऱ्यात दवाखान्याला फोन करून मिळालेलं वजन लिहायचो, रोज वीस-तीस ग्रॅमने वाढणारं, कधी न वाढलेलं. खालची जागा कोरी राहायची. एक्केचाळिसाव्या दिवशी धाकटी १,८१० ग्रॅमची होऊन घरी आली. रात्री पावणेनऊला बायकोने तिला पहिल्यांदा घरात पाजलं आणि मग स्वतःच पेन घेऊन त्या रकान्यात लिहिलं: ८.४५, ३० मिली, सगळं घेतलं.